पोटाशी धरलेले पाय

वसंतातल्या शिकारीला वस्तीच्या कुत्रे जुंपलेल्या बर्फगाड्या निघाल्या की सगळ्यांत पुढे रेनाटुसची गाडी असे. पुढच्या माणसाचे खरे काम वाट दाखवणे नव्हे, पाय सांभाळणे, असे तो म्हणायचा. वाट काय, कुत्र्यांनाही कळते. पण कुणाच्या मोज्यात घाम साचलाय, कुणाच्या बुटातले गवत चेपून ओले झालेय, हे कुत्र्याला कळत नाही. ते मागे वळून माणसाच्या चालण्यावरून ओळखावे लागते. रेनाटुस ते ओळखायचा. गाडीच्या बाजूने धावता धावता तो एकदम हात वर करी आणि आपल्या खर्जातल्या आवाजात हाक देई, "पाय बदला." मग कितीही घाई असो, कॅरिबू हरणांचा कळप समोरच्या उतारावर चरत असो, माणसे गाडीवर टेकत, बूट ओढून काढत, ओले मोजे अंगरख्याच्या आत छातीशी सरकवत आणि छातीशीच सुकलेले दुसरे पायात चढवत. बुटातले जुने गवत फेकून नवे भरत. रेनाटुसच्या मागून गेलेल्या माणसाचे साधे बोटही थंडीने गेले, असे लाब्राडोरच्या त्या किनाऱ्यावर कधी झाले नव्हते. लोक थट्टा करत, याला हरणांच्या आधी आमच्या मोज्यांचा वास येतो म्हणून. तोही हसे आणि त्यांना बूट काढायला लावी.

इतके सांभाळूनही कधीतरी चुकतेच. समुद्रावरचा बर्फ फुटतो, वारा फिरतो. पावले पांढरी पडली की मग एकच उपाय. सोबत्याने आपला अंगरखा वर करायचा आणि ती पावले आपल्या उघड्या पोटावर घ्यायची. बसून राहायचे. पायांत ऊब परतू लागली की जीव नकोसा होतो. भलेभले शिकारी अशा वेळी रडतात, मेलेल्या आईला हाका मारतात, देवापुढेही जे बोलले नसते ते बोलून जातात. ज्याच्या पोटावर पाय असतील त्याने ते ऐकायचे आणि आपल्यापाशीच ठेवायचे. हे कुणी कुणाला शिकवलेले नव्हते. आईच्या दुधाबद्दल जसे कुणी शिकवत नाही, तसे.

मागच्या हिवाळ्यात रेनाटुसचे पाय असेच मनासेच्या पोटावर होते. मनासे म्हणजे रेनाटुसच्या बायकोचा, बेनिग्नाचा, धाकटा भाऊ. त्याची स्वतःची बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याचे जेवण बहिणीकडे, पायातले बूट बहिणीच्या हातचे, आणि वस्तीच्या ख्रिस्ती देवळात दाजींच्या खर्जावर वरचा सूर त्याचा. दोघे बर्फाच्या कडेला सीलच्या शिकारीला गेले होते. तिथे भर दिवसा, हातभर रुंद तड्यात, रेनाटुस पोटरीपर्यंत आत गेला. मनासेने बर्फाच्या विटा कापून झटपट आडोसा उभा केला, दाजींचे बूट काढले आणि पाय पोटाशी घेतले. वर चेष्टाही केली, "दाजी, हे पाय आहेत की बर्फाखालचे मासे? ताईला सांगतो, आज मासे बरे मिळाले."

मग कळ सुरू झाली आणि त्या कळीत रेनाटुस बोलून गेला. तडा त्याला दिसलाच नव्हता. गेले काही हिवाळे पांढऱ्यावरचे पांढरे त्याला दिसेनासे झाले होते. खाच, कपार, लांबची टेकडी, सगळे एका दुधाच्या भांड्यात बुडाल्यासारखे. तो पुढे चालत होता तो म्होरक्या कुत्रीच्या भरवशावर, आणि मागून मनासे वाटेबद्दल सहज काही बोलायचा त्याच्या भरवशावर. बेनिग्नालासुद्धा त्याने हे सांगितले नव्हते.

"ईस्टर झाला की मीच मंडळीपुढे उभा राहून सांगेन," तो म्हणाला. "माझ्या तोंडानं सांगू दे मला. तोवर तू बोलू नकोस."

"दाजी, तुमचे पाय माझ्या पोटावर आहेत," मनासे म्हणाला. "मी कुणाला सांगणार?"

त्या शब्दावर डोके ठेवून रेनाटुस झोपी गेला. फार दिवसांनी त्याला गाढ झोप लागली होती.

उरलेला हिवाळा त्याने मनातल्या मनात आपले चार शब्द घोटण्यात घालवला. माझे डोळे देवाने मागे घेतले, पण पाय अजून ठेवलेत, म्हणून मी मागून येईन, असे तो म्हणणार होता. आणि शेवटी म्हणणार होता की माझ्या जागी मनासेला पाठवा. हे शेवटचे त्याने मनासेलाही सांगितले नव्हते. ते मंडळीपुढेच त्याच्या कानावर पडावे आणि तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते आपण जवळून पाहावे, एवढी हौस त्याने राखून ठेवली होती.

ईस्टर झाला. पहाटे रिवाजाप्रमाणे दफनभूमीत पितळी वाद्ये वाजली. शिकारीला निघण्याआधीच्या रविवारी नेहमीप्रमाणे गाण्याची उपासना होती. या उपासनेत पाळक बोलत नाहीत. एका गीताचे एक कडवे, त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या गीताचे, असे कडव्यात कडवे ओवत सगळे प्रवचन गाऊनच व्हायचे. पुढे कुठले कडवे उचलायचे ते ज्याला सुचेल त्याने उचलायचे, बाकीच्यांनी त्याच्यामागे जायचे. रेनाटुसला त्यात विलक्षण गती होती. दुःखाच्या कडव्यातून आशेच्या कडव्यात तो असा उतरायचा की जोड कुठे आहे ते कळू नये. त्या रविवारी त्याने आपल्याच बोलण्याची भूमिका गाऊन मांडली. काठी खाली ठेवणारा मेंढपाळ, मग दिवा दुसऱ्याच्या हाती देणारा पहारेकरी, मग पेरून निघून गेलेला शेतकरी, ज्याचे पीक दुसरा कापतो. मनासेचा सूर वर लख्ख लागला होता. गाता गाता रेनाटुसचे डोळे भरून आले, आणि त्याला वाटले, याला कळत असणार.

बायका घरी गेल्या, काही दाराशी रेंगाळल्या. पुरुष बाकांवर थांबले. मंडळीच्या वडीलधाऱ्यांपैकी सर्वांत जुने टायटस यांनी दरवर्षीचा प्रश्न दरवर्षीच्याच आवाजात विचारला, "पुढे रेनाटुसच ना?"

रेनाटुसने उठण्यासाठी समोरच्या बाकाला हात लावला. त्याचे गुडघे जरा वेळ घेत. तेवढ्या वेळात मनासे उठून उभा होता.

"दाजींना पुढे पाठवू नका," तो म्हणाला. "त्यांना दिसत नाही."

टायटस यांनी मान वळवली. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. बर्फाच्या कडेला. पाय गारठले होते तेव्हा."

शेजारचा यरेमियास, जो दरवर्षी दुसरी गाडी हाकायचा, आपल्या बुटांकडे पाहत राहिला. दाराशी एक म्हातारी पुटपुटली आणि बाहेर गेली. टायटस यांनी क्षणभर डोळे मिटले.

"हे तू सांगायला नको होतंस," ते सावकाश म्हणाले. "पण आता आम्ही ऐकलंय, ते न ऐकल्यासारखं करता येत नाही. रेनाटुस, खरं आहे का?"

"खरं आहे," रेनाटुस म्हणाला.

तो आता पुरता उभा राहिला होता. हिवाळाभर घोटलेले शब्द जिभेवर होते, पण आता ते बोलता येण्याजोगे राहिले नव्हते. मी हेच सांगणार होतो, असे पकडला गेलेला माणूस म्हणतो. तो खाली बसला. कुणीतरी म्हणाले की वाट मनासेला ठाऊक आहे. दुसऱ्याने मान हलवली. झाले.

बाहेर मनासे त्याच्यामागून आला. सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न होता, तो म्हणाला, दाजींनी सांगायचे टाळले असते तर, ऐनवेळी जीभ मागे घेतली असती तर. तो बराच वेळ बोलत होता. रेनाटुसजवळ एकाच वाक्याचे उत्तर होते, आणि ते ऐकून मनासे जन्मभर मान वर करू शकला नसता. त्याने ते दिले नाही. दया म्हणून नव्हे. याला आता आपले काहीही द्यायचे नाही, एवढेच त्याला वाटले.

घरी बातमी त्याच्याआधी पोचली होती. बेनिग्ना चटईवर बसून सीलच्या कातड्याचा बूट शिवत होती. तळव्याची कड दातांनी चावून मऊ करायची, मग टाका घालायचा. तिने तोंडातले कातडे काढले नाही तोवर तो उभा राहिला. तिचा पहिला राग त्याच्यावरच निघाला.

"डोळ्यांचं माझ्यापाशी नाही बोललात," ती म्हणाली. "माझ्या भावापाशी बोललात."

"पाय त्याच्या पोटावर होते."

"माझं पोट काय लांब होतं?"

मग ती रडली, आणि रडताना तिने मांडीवरचा बूट भिंतीकडे भिरकावला. तो मनासेचा होता. असल्या माणसाला मी शिवून द्यायचे का, वारा आत येईल असे टाके घालून देते, मग कळेल, असे काहीबाही ती बोलली. रेनाटुसने वाकून बूट उचलला, चाचपडत शिवण पाहिली आणि तिच्या मांडीवर परत ठेवला.

"नीट शीव," तो म्हणाला. "पायांनी काय केलंय?"

तीन गाड्या निघाल्या. पुढे मनासे, मध्ये यरेमियास, मागे रेनाटुस. घरात मांस हवे होते, आणि कळप जवळ आला की त्याची बंदूक अजून चुकत नव्हती. शिवाय मागून जाणे त्याला जमत होते. पुढच्या गाडीची बर्फात उमटलेली निळसर रेघ त्याला दिसे.

गोठलेल्या नदीवरून वर जाताना ऊन पडले. बर्फ भुसभुशीत झाला. मनासे कुत्र्यांच्या पुढे धावत वाट तुडवत होता, आणि अशा बर्फात धावणाऱ्याच्या पायाला किती घाम येतो हे कुणी सांगायला नको. रेनाटुस हाकेची वाट पाहत राहिला. हाक आली नाही. यरेमियासची टाच जड पडू लागली. मनासेची चाल तर त्याला त्या धूसर पांढऱ्यातूनही कळली, तो हलणारा काळा ठिपका पाय उचलत नव्हता, ओढत होता.

"पाय बदला," रेनाटुसने हाक दिली.

सवयीने यरेमियासची गाडी थांबली. मनासे मागे वळला. गाड्या अजून कुणाच्या शब्दावर थांबतात, हे जणू त्याला त्या हाकेत ऐकू आले.

"दाजी, तुमचे मोजे बदलून होईपर्यंत कॅरिबू थांबणार आहेत का?" तो हसून ओरडला. "आज कळप गाठायचाय मला."

"तुझे मोजे ओले झालेत. चालण्यावरून दिसतंय."

"दिसतंय? तुम्हाला?"

यरेमियासच्या तोंडावर आलेले हसू तसेच विरले. मनासेने चाबूक वाजवला आणि त्याची गाडी वळणाआड गेली. मागे राहिलेल्या दोघांनी मोजे बदलले. बुटात ताजे गवत भरताना यरेमियास म्हणाला, "काका, त्यानं नाही बदलले."

"हाक त्यानं ऐकली," रेनाटुस म्हणाला, आणि बुटाची नाडी जरा सैलच बांधली, बूट आवळला की पाय आधी गारठतो म्हणून.

दुपारी वारा उत्तरेला फिरला. ऊन पुसले गेले, आणि बारीक बर्फ जमिनीवरून धुरासारखा धावू लागला. आता रेनाटुसला निळी रेघही दिसेना. त्याची कुत्री यरेमियासच्या गाडीला चिकटून चालली. ती थांबली तेव्हा समोर मनासेची गाडी होती. कुत्री अंगाची वळकटी करून बर्फात गाडली गेली होती. मनासे गाडीवर बसला होता, शहाण्या मुलासारखा.

"तुमच्यासाठी थांबलो होतो," तो म्हणाला. "मघाशी पाय फार दुखत होते. आता नाही दुखत. आता बरं वाटतंय."

रेनाटुस आणि यरेमियास एकमेकांकडे वळले. पाय दुखतात तोवर ते आपले असतात.

बर्फाचे घर बांधायला घेतले. रेनाटुसने सुरी काढून विटा कापायला सुरुवात केली, पण त्या पांढऱ्या धुरळ्यात बर्फाची कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते तेच त्याला कळेना. त्याच्या विटा वाकड्या निघाल्या. यरेमियासने काही न बोलता त्याच्या हातातून सुरी घेतली.

"काका, तुम्ही आत बसा," तो म्हणाला. "आत एक माणूस लागणारच आहे."

अर्ध्या चढलेल्या भिंतीच्या आत रेनाटुसने मनासेचे बूट काढले. बेनिग्नाचे टाके घट्ट होते. बाहेरचे थेंबभर पाणी आत आले नव्हते. ओल होती ती आतली, त्याच्याच घामाची, आणि ती आता गोठून मोजा पायाला फळीसारखा चिकटला होता. सोलून काढला तेव्हा पावले मेणासारखी निघाली. रेनाटुसने त्यांना अंगठ्याने दाबून पाहिले. दाबलेली खूण तशीच राहिली.

थांबावे असे त्याला वाटले. यरेमियासच्या विटा संपतील, कुत्री सोडून होतील, मग तो येईल. त्याचे पोट तरुण आहे, गरम आहे. तेवढ्या वेळात एखाद-दोन बोटे जातील. जाऊ देत. देवळात उभे राहायला बोटे लागत नाहीत. हे सगळे त्याच्या मनात अगदी स्वच्छ शब्दांत आले, आणि आपल्या मनात असे येऊ शकते याची त्याला लाज वाटली. ही लाजसुद्धा त्याला मनासेनेच दिली होती.

मग त्याला तो भिरकावलेला बूट आठवला. त्याने अंगरखा वर केला, आतला सदरा वर केला आणि ती दोन्ही पावले पोटावर घेतली. पोटाचा गोळा आत गेला, श्वास अडकला. बर्फाखालचे मासे.

बराच वेळ काही झाले नाही. विटांमधून निळा उजेड झिरपत होता. मग पावलांत ऊब परतू लागली. त्याने दात आवळले, मग सोडले.

"दाजी," तो कण्हत म्हणाला. "त्या दिवशी देवळात मी..."

रेनाटुस गाऊ लागला.

भक्ती दाटून आली म्हणून तो गात नव्हता. या पावलांचा मालक आता बोलणार, आणि आपल्या पोटावर पाय ठेवून जे बोलेल ते आपल्याला जन्मभर सांभाळावे लागणार, हे त्याला कळले होते. पाय घेतले होते, ते ठीक. याचे आणखी काही आत ठेवून घ्यायची त्याची तयारी नव्हती. म्हणून त्याने वादळाच्या गीताचे एक कडवे उचलले, ते संपण्याच्या आत नावेचे, त्याच्या पाठोपाठ भाकरीचे, मग पहाटेचे. बोलायला फट म्हणून ठेवली नाही. मनासेने दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा खर्जातला तो आवाज त्याच्यावरून गाडीसारखा निघून गेला.

बाहेरून यरेमियासने सूर मिळवला, वीट ठोकता ठोकता. हळूहळू मनासेही गाऊ लागला, कळ आली की तुटत, पुन्हा धरत. आणि गाता गाता त्याच्या ध्यानात आले असावे. भाकरीच्या कडव्यानंतर वस्तीत एकच कडवे यायचे, अपराध सोडून देण्याचे. लहान मुलेही ते आपसूक उचलत. रेनाटुस भाकरीवरून सरळ पहाटेवर गेला होता. दुसऱ्यांदा भाकरी आली तेव्हा बाहेर यरेमियासने सवयीने ते कडवे धरले. मनासेने त्याला सूर दिला आणि दाजींच्या तोंडाकडे पाहत राहिला. रेनाटुस ते कडवेभर गप्प बसला. पाय पोटाशी घट्ट धरलेले होते, ओठ मिटलेले.

त्या कडव्यावर यरेमियासला खोकला आला आणि बाहेरचा सूर तुटला. ती फट मिळताच मनासे बोलला. दोन-तीन वाक्ये असतील, हुंदक्यात तुटलेली. आपण तसे का केले ते त्याने सांगितले. ते कारण मोठे नव्हते. इतके छोटे होते की रेनाटुसला आधी ते खरे वाटेना, आणि मग त्याहून खरे दुसरे काही असूच शकत नाही असे वाटले. ऐकून झाल्यावर त्याने फक्त पावलांची जागा बदलली, पोटाच्या अजून गरम राहिलेल्या बाजूला.

"तुझी बोटं राहतील," तो म्हणाला.

"दाजी, दुसरं काहीतरी बोला."

"मोजे माझे घाल. माझ्या छातीशी आहेत, सुकलेत."

वादळ ओसरल्यावर त्यांनी कळप गाठला आणि पुरेसे मांस घेऊन ते परतले. परतीच्या वाटेवर मनासे बराच पुढे होता. दर थोड्या वेळाने त्याची हाक यायची, "पाय बदला." हाक नीट होती, वेळही नेमकी होती. रेनाटुस प्रत्येक वेळी थांबला आणि बूट काढले.

बेनिग्नाने दोघांचे बूट उलटे करून दोरीवर टाकले. तिने आधी भावाच्या पायांचे विचारले, मग थोडे थांबून, पाठमोरीच, दुसरे विचारले.

"पोटावर पाय होते तेव्हा काही बोलला का?"

रेनाटुसने तिच्या आवाजाच्या दिशेने पाहिले. बायको होती, सगळे समजून घेणारी. तिला सांगितले असते तर अर्धे ओझे उतरले असते, आणि तिच्या रागातून वस्तीत उद्यापर्यंत मनासेला तोंड लपवायला जागा उरली नसती.

"पाय दुखत होते त्याचे," तो म्हणाला. "ओरडत होता."